न आलेल्या दुधाचा हिशेब

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधल्या भातपट्ट्यात, पापनाशमजवळ, वेट्टारू नदीच्या काठी तिरुक्करुगावूर नावाचं गाव आहे. तिथल्या मुल्लैवननाथाच्या देवळात गर्भरक्षांबिकेचं स्थान आहे. मूल व्हावं म्हणून, आणि पोटातलं मूल सुखरूप राहावं म्हणून माणसं लांबलांबून या देवीकडे येतात. मूल हवं असलेल्या जोडप्याला प्रसादात तूप मिळतं, गरोदर बाईला एरंडेल. देवळापाशी एक तळं आहे, क्षीरकुंड. स्थळपुराण सांगतं ते असं : निध्रुव ऋषींची गरोदर बायको वेदिका दमून पडली होती, दाराशी आलेल्या ऊर्ध्वपाद ऋषींना भिक्षा वाढायला तिला उठवेना. त्यांनी शाप दिला, गर्भ धोक्यात आला. देवीनं तो घटात ठेवून वाढवला. मूल जन्मलं, त्याचं नाव नैध्रुव. त्याला दूध पाजायला कामधेनू आली आणि तिनं खुरानं जमीन उकरली तिथं दुधाचं तळं झालं.

कामधेनूची कास कधी सुजल्याचं कुठल्या पुराणात नाही. त्या तळ्याच्या आसपासच्या गोठ्यांत उभ्या असलेल्या गायींना मात्र ही सवलत नाही.

या भागाची स्वतःची गाय म्हणजे उंबळाचेरी. ठेंगणी, काटक, गुडघाभर चिखलात नांगर ओढणाऱ्या बैलांसाठी जपलेली जात. तिचं वासरू जन्मतं तांबूस आणि काही महिन्यांत करडं होतं. एका वेताला तिचं दूध सरासरी पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे वासराला पाजून घरच्या चहाकॉफीपुरतं. आपल्याकडच्या खिलारचंही गणित साधारण असंच. बैल हे पीक, दूध हा जोडधंदा. आता कावेरीच्या खोऱ्यात जास्त करून जर्सीचे संकर दिसतात आणि पश्चिम महाराष्ट्रात होल्स्टिनचे. उंबळाचेरी दोन लिटर देत होती तिथं संकरित गाय आठ, दहा, बारा लिटर देते. पैदाशीनं दूध वाढलं, कास मोठी झाली, लोंबू लागली, सडांची टोकं जमिनीच्या जवळ आली. सडाच्या टोकाशी असलेली राखण मात्र पूर्वीएवढीच राहिली. दुधाचा धंदा करणारा माणूस पेंडीचा भाव, मक्याचा भाव, वळूचं नाव, रेतनाचा दर हे सगळं पाठ सांगतो. ज्या अवयवात दूध तयार होतं त्याच्याकडे तो पाहतो ते बहुधा तिथं सूज आल्यावर.

कास म्हणजे दुधानं भरलेली पिशवी, असा एक समज पक्का बसलेला आहे. गाय दिवसभर खाते, दूध कासेत जमतं, संध्याकाळी आपण ते काढून घेतो. तसं नाही. गायीच्या कासेत चार स्वतंत्र ग्रंथी असतात. डावी-उजवी बाजू जाड बंधानं वेगळी झालेली, आणि पुढची-मागची ग्रंथी पातळ पडद्यानं. एका कप्प्यातलं दूध दुसऱ्यात जात नाही. प्रत्येकाचा सड वेगळा, नशीबही वेगळं. मागचे दोन कप्पे मोठे, एकूण दुधाच्या साठ टक्क्यांच्या आसपास तेच देतात. म्हणून मागचा एक सड बाद झाला तर तोटा चौथाईपेक्षा जास्त असतो.

प्रत्येक कप्प्यात सूक्ष्म कूपिकांचे घोस असतात. कूपिकेच्या आतल्या अस्तरातल्या पेशी रक्तातून कच्चा माल उचलतात आणि दूध बनवतात. एक लिटर दुधासाठी कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं. दहा लिटरच्या गायीच्या कासेतून रोज चार-पाच हजार लिटर रक्त जातं, असा त्याचा अर्थ. कासेच्या पुढे, पोटाखाली नागमोडी दिसणारी फुगीर दुधाची शीर बाजारातले जाणकार हातानं चाचपून पाहतात, ते उगाच नाही.

आता लिटर ठरतात कशावर? पेंडीवर, असं उत्तर येईल, आणि ते अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं दुधातल्या साखरेत आहे. कूपिकेतल्या पेशी रक्तातल्या ग्लुकोजपासून लॅक्टोज बनवतात. साखर जिथं साठते तिकडे पाणी ओढलं जातं, आणि दुधात पाणी सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. लॅक्टोजचं प्रमाण साडेचार ते पाच टक्क्यांच्या दरम्यान जवळपास स्थिर राहतं, कारण जेवढी साखर बनते तेवढंच पाणी तिच्या मागे येतं. पेशींनी कमी लॅक्टोज बनवलं की दूध पातळ होत नाही, कमीच होतं. म्हणजे गायीचं दूध किती, हा प्रश्न शेवटी असा होतो की लॅक्टोज बनवणाऱ्या किती पेशी कासेत जिवंत आणि धडधाकट आहेत. खुराक वाढवून त्या पेशींना जास्त काम देता येतं. मेलेल्या पेशींना देता येत नाही.

तयार झालेल्या दुधापैकी साधारण वीस टक्केच खालच्या पोकळीत उतरलेलं असतं. बाकीचं वर कूपिकांत आणि बारीक नळ्यांत अडकलेलं असतं. ते उतरण्यासाठी पान्हा फुटावा लागतो. वासरानं ढुशी दिली, सडांना हात लागला, आंबोणाच्या घमेल्याचा आवाज झाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, मिनिटाभरात कासेला पोचतं आणि कूपिकांभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात. त्याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार संपली नाही तर वरचं दूध वरच राहतं. गाय घाबरली, कुत्रं भुंकलं, कोणी काठी मारली, तर अ‍ॅड्रेनलिन हे काम अडवून धरतं. ‘गाय दूध चोरते’ असं आपण म्हणतो तेव्हा तिच्याकडे चोरीचा काही बेत नसतो. आणि कासेत राहिलेलं दूध हा दुहेरी तोटा असतो : आजचं मिळालं नाही, आणि आत साठलेला दाब पेशींना उद्याचं काम कमी करायला सांगतो. त्यात जंतू शिरलेले असले तर त्यांना शरीराच्या उष्णतेला राखलेलं जेवण मिळतं.

जंतू शिरतात कुठून? सडाच्या टोकाशी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची नळी असते. तिच्याभोवती आवळणाऱ्या स्नायूचं कडं, आणि आतल्या अस्तरातून सुटणारा केराटिनचा मेणासारखा थर. दोन धारांच्या मधल्या काळात हा थर बुचासारखा बसतो, जंतूंना धरून ठेवतो, पुढच्या धारेबरोबर बाहेर जातो. कासेचं बहुतेक संरक्षण या एका सेंटिमीटरमध्ये आहे. धार काढल्यावर ही नळी लगेच मिटत नाही; अर्धा तास ते दोन तास ती कमी-जास्त उघडी असते. आणि नेमकी याच वेळी दमलेली, हलकी झालेली गाय शेणामुतात बसकण मारते.

यावरचा उपाय फुकटातला आहे. धारेच्या वेळी आंबोण द्यायचं आणि धार झाल्यावर गव्हाणीत वैरण टाकायची. गाय तासभर उभी राहून खाते, तेवढ्यात नळी मिटते. ज्या घरात चारा आधी टाकून, गाय पोटभर खाऊन झाल्यावर धारेला बसतात तिथं हे उलटं होतं. कासदाहावर जेवढी औषधं विकली जातात त्यातली किती या एका उलट्या क्रमामुळे खपत असतील, असा प्रश्न पडतो.

कासदाहाला मराठी गोठ्यात दगडी म्हणतात. कास दगडासारखी घट्ट, गरम, लाल. हात लावू देत नाही. दुधात गुठळ्या, कधी पिवळसर पाणी, कधी रक्त. हे रूप सर्वांना माहीत आहे, आणि ते दिसतं म्हणूनच त्यावर इलाज होतो. पण दिसणाऱ्या प्रत्येक गायीमागे न दिसणाऱ्या पंधरा ते चाळीस असतात, असा पशुवैद्यकातला जुना अंदाज आहे. या सुप्त दगडीत कास मऊ असते, दूध पांढरं असतं, गाय खाते-पिते, रवंथ करते. फक्त रोज पाव-अर्धा लिटर कमी देते. मालक म्हणतो, गाय दुधाला उतरली. म्हातारी माणसं म्हणतात, दृष्ट लागली, आणि मीठ-मिरच्या ओवाळतात. सुप्त दगडी काही वेळा आपोआप कमी होते, म्हणून मिरच्यांना यशही येतं.

आत काय चाललेलं असतं? नळी ओलांडून आलेला जंतू कूपिकांपर्यंत पोचतो. शरीर त्याच्यावर पांढऱ्या पेशी सोडतं. निरोगी कप्प्याच्या एक मिलिलिटर दुधातही या पेशी असतातच, पण दोन लाखांच्या आत. संसर्ग झाला की त्या पाच लाख, वीस लाख, कोटीपर्यंत जातात. या लढाईत जंतू मरतात तशा दूध बनवणाऱ्या पेशीही मरतात, आणि त्यांच्या जागी नुसतं चिवट तंतूंचं ऊतक भरतं. या वेतात तरी तो कोपरा परत दूध देत नाही. रक्त आणि दूध यांच्यामधली भिंत झिरपू लागते. रक्तातलं मीठ दुधात येतं, दुधातलं लॅक्टोज रक्तात निसटतं. म्हणून अशा सडाचं दूध किंचित खारट लागतं. दुधाची आम्लता कमी होते, सामू साडेसहाच्या पुढून सातकडे सरकतो. केसिन मोडू लागतं, त्यामुळे दही सैल लागतं आणि पनीर कमी उतरतं.

तोटा किती, याचा एक ठोकताळा अमेरिकेतल्या होल्स्टिन गायींवरून काढलेला आहे. पेशींची संख्या पन्नास हजारांच्या पुढे दर वेळी दुप्पट झाली की पहिलटकरीण गाय त्या वेतात सुमारे 90 किलो दूध कमी देते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय सुमारे 180 किलो. पन्नास हजारांचे एक लाख, लाखाचे दोन, दोनाचे चार : तीन दुपटी झाल्या की जुन्या गायीचं पाचशे किलोंहून जास्त दूध गेलं, आणि गोठ्यात कोणालाही काही दिसलेलं नाही. ते आकडे डोंगराएवढ्या दुधाच्या गायींचे आहेत, आपल्या संकरित गायीला जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा तीच. चार लाख पेशींचं दूध युरोपीय संघात कच्चं दूध म्हणून घेण्याच्या मर्यादेवर येतं; अमेरिकेत ती मर्यादा साडेसात लाखांची आहे.

आपल्याकडे दूध मोजतात ते वेगळ्या काट्यानं. कुंभकोणमची डिग्री कॉफी प्रसिद्ध आहे. गावोगावच्या हमरस्त्यावर पितळी डबरा-पेल्याचं चित्र रंगवून ती विकली जाते आणि तिचा मान निर्भेळ दुधाला आहे. लॅक्टोमीटर दुधात सोडायचा, तो किती वर तरंगतो ते पाहायचं. पाणी घातलेल्या दुधात तो बुडतो. आपल्या संकलन केंद्रावरही शेतकरी हेच बोलतो : आज डिग्री लागली नाही, दर कापला. गायीच्या दुधाला महाराष्ट्रात साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ (फॅट वगळून उरलेले घन पदार्थ) धरून भाव ठरतो आणि प्रत्येक पॉइंट खाली गेला की पैसे वजा होतात.

लॅक्टोमीटर पाणी पकडतो. सुप्त दगडी तो सहसा पकडत नाही, आणि याचं कारण मजेशीर आहे. लॅक्टोज कमी झालं तरी मीठ वाढलेलं असतं. केसिन घटलं तरी रक्तातून आलेली प्रथिनं वाढलेली असतात, एकूण प्रथिनांचा आकडा फारसा हलत नाही. एक उतरतो, दुसरा चढतो, आणि काटा जवळपास जागेवर राहतो. एसएनएफ एखाद-दोन पॉइंट घसरतोही, पण मग शेतकरी पेंडीला दोष देतो आणि केंद्रचालक शेतकऱ्याला. शिवाय चार सडांचं दूध एका बादलीत, चार गायींचं एका कॅनमध्ये, आणि गावाचं एका टँकरमध्ये मिसळतं. आजारी सड त्या गर्दीत हरवून जातो. ज्याला शोधायचं आहे त्याला सडापाशीच जावं लागतं.

त्यासाठीची चाचणी सोपी आहे आणि जुनीही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शाल्म आणि नूरलँडर यांनी ती 1957 मध्ये मांडली, म्हणून तिला कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, सीएमटी म्हणतात. चार खळग्यांची प्लास्टिकची तबकडी. प्रत्येक खळग्यात एका सडाचं चमचाभर दूध, तेवढंच औषध, आणि तबकडी हळू गोल फिरवायची. औषध म्हणजे मुळात साबणाच्या जातीचं द्रव्य. ते पांढऱ्या पेशींची आवरणं फोडतं, आतलं डीएनए बाहेर येतं आणि दूध चिकट होतं. निरोगी दूध पाण्यासारखं फिरत राहतं. आजारी सडाचं दूध आधी जराशी तार धरतं, मग जेलीसारखं मधोमध गोळा होतं. दहा सेकंदांत निकाल. औषध हाताशी नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचं तीन टक्क्यांच्या आसपासचं द्रावण करूनही फरक दिसतो. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या पशुवैद्यांनी लहान गोठ्यांसाठी हीच युक्ती रूढ केली. महिन्यातून एकदा सगळ्या गायींची अशी परीक्षा घेतली तर दगडी दिसायच्या आधी सापडते. तबकडी महाग नाही. तरी ती फार थोड्या गोठ्यांत दिसते, कारण तिच्यानं आज दूध वाढत नाही, उद्याचं घटत नाही एवढंच.

कासदाहाचे जंतू राहतात कुठं, यावरून त्यांच्या दोन टोळ्या पडतात. एक कासेतच राहते : स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टिए. ही धारेच्या वेळी एका गायीवरून दुसरीवर जाते, धार काढणाऱ्याच्या हातांवरून, एकाच फडक्यावरून, मशीनच्या कपांवरून. दुसरी टोळी गोठ्याच्या जमिनीत असते : शेणातला ई. कोलाय, ओल्या पेंढ्यात वाढणारा स्ट्रेप्टोकोकस युबेरिस. पहिलीचा इलाज शिस्तीत आहे, दुसरीचा कोरडेपणात.

कोरडेपणा ही कावेरीच्या खोऱ्यातली अवघड वस्तू. तिथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. शेतात सांबा हंगामाचं भात उभं, रानात पाणी, गोठ्याची जमीन पाझरणारी. चाऱ्याला भाताचा पेंढा, अंथरायलाही तोच. कोकणातल्या वाचकाला हे चित्र ऑगस्टच्या नावानं ओळखीचं वाटेल. ओला पेंढा रोज काढून टाकायला हवा, जमिनीला उतार हवा, आणि गाय बसते त्या जागेवर चुन्याची भुकटी उपयोगी पडते. आपल्याकडे नगर, पुणे, सांगलीच्या बाजूला मुक्त संचार गोठे पसरले त्याचा एक फायदा इथं दिसतो : गाय स्वतः कोरडी जागा निवडते. दाव्याला बांधलेल्या गायीला निवड नसते, तिला तिच्याच शेणात बसावं लागतं.

शिस्तीचा भाग धारेच्या दहा मिनिटांत येतो. सबंध कासेवर बादली ओतणं ही आपली आवडती स्वच्छता आहे, आणि ती उलटी पडते. वरची घाण ओघळून सडाच्या टोकाशी येऊन थांबते. सड तेवढे पुसायचे किंवा धुवायचे आणि कोरडे करायचे, प्रत्येक गायीला वेगळं फडकं. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्यायच्या, म्हणजे गुठळी दिसते. तळहातावर किंवा जमिनीवर नाही. पूर्ण मुठीनं धार काढायची. अंगठा दुमडून सड ओढायची सवय आपल्याकडे सर्वदूर आहे, जोर कमी लागतो म्हणून ती पडते, पण तिच्यानं सडाच्या आतलं अस्तर दुखावतं आणि तिथं जंतूंना पाय रोवायला जागा मिळते. बोटांना दुधाचा ओलावा लावून धार काढणं त्याच पंगतीतलं. धार संपल्यावर प्रत्येक सड आयोडिनच्या सौम्य द्रावणात बुडवायचा. क्रम ठेवायचा : पहिलटकरणी आधी, आजारी गाय शेवटी. मशीन असेल तर रबराच्या नळ्या वेळेवर बदलायच्या आणि निर्वात दाब तपासून घ्यायचा. दूध संपल्यावरही कप लावून ठेवले तर सडाच्या टोकाला चट्टे पडतात, नळीचं कडं सैल होतं.

यातलं पुष्कळसं इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेनं 1960 च्या दशकात पाच कलमांत बांधलं : धारेनंतर सड बुडवणं, आटवताना औषध, आजारी गायीवर वेळेत उपचार आणि नोंद, मशीनची देखभाल, आणि वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढणं. शेवटचं कलम आपल्याकडे कागदावरच राहतं. गायीची विक्री हा भावनेचा प्रश्न आहे, कायद्याचा आहे, आणि घेणारा कोण हाही आहे. म्हणून इथं जुनाट दगडीची गाय वर्षानुवर्षं त्याच दाव्याला राहते आणि शेजारणींना जंतू पुरवते. परदेशी पत्रक मराठीत छापून वाटताना ही अडचण कोणी लिहीत नाही. निदान तिची धार शेवटी काढावी, तिचं फडकं वेगळं ठेवावं, एवढं जमण्यासारखं आहे.

औषधांकडे वळायचं तर एक गंमत आधी. पेनिसिलिन माणसांच्या हाती पडायच्या आधी, 1939 मध्ये, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एका दूध कंपनीच्या शोभेच्या गायींना कासदाह झाला. रॉकफेलर संस्थेतल्या रने दुबोस यांनी मातीतल्या जंतूपासून नुकतंच ग्रॅमिसिडिन काढलं होतं; ते त्या गायींच्या कासेत सोडलं आणि बऱ्याच गायी बऱ्या झाल्या. प्रतिजैविकांच्या युगातलं हे अगदी सुरुवातीचं यश गोठ्यातलं आहे. आज सडात सोडायची ट्यूब गावच्या मेडिकलात मिळते, आणि अडचण तिथूनच सुरू होते. कोणता जंतू हे न पाहता ट्यूब सोडली जाते, दुसऱ्या दिवशी गुठळ्या थांबल्या की डोस अर्धवट सोडला जातो. ऑरियस मात्र ऊतकात घर करून बसलेला असतो, पंधरा दिवसांनी परत येतो. उपचार चालू असताना आणि त्यानंतर ठरलेले दिवस त्या गायीचं दूध विकायचं नसतं, चारही सडांचं. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले, त्यातल्या 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर सापडला. टक्केवारी लहान आहे, पण ज्याच्या घरी विरजण लागलं नाही त्याला ती लहान वाटणार नाही.

आणि इथं तंजावर पुन्हा पुढे येतं. चेन्नईचं तामिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठ 1989 मधलं, आपल्या देशातलं या प्रकारचं पहिलं. त्याचं एक केंद्र तंजावरजवळ पिळ्ळैयारपट्टीला आहे. तिथं प्राध्यापक एन. पुण्यमूर्ती यांनी गोठ्यातल्या पारंपरिक औषधांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यातून कासदाहाचा एक लेप घडला : कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम. तिन्ही वाटले की पिवळ्याचं तांबडं होतं. हळद आणि चुन्यापासून कुंकू करणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये, रसायन तेच. कास धुवायची, दूध पूर्ण काढून टाकायचं, मूठभर लेप दीडशे-दोनशे मिलिलिटर पाण्यात कालवून सगळ्या कासेला लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. जोडीला लिंबू कापून खायला द्यायचं. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं हा लेप उचलला आणि सहकारी दूध संघांमार्फत देशभरच्या गोठ्यांत पोचवला. खर्च नगण्य, दुधात औषधाचा अंश नाही.

हळदीत दाह उतरवणारे गुण आहेत, कोरफडीतही. पण बाहेरून लावलेला लेप आतल्या कूपिकांपर्यंत किती पोचतो, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. माझा अंदाज असा की या उपचाराचं अर्धं बळ त्या ‘दहा वेळा’त आहे. माणूस दिवसातून दहा वेळा कास धुतो, चोळतो, आतलं साठलेलं दूध काढून टाकतो, गायीकडे पाहतो. जंतूंचं जेवण आणि त्यांचं विष दर वेळी बाहेर जातं. तेवढं लक्ष मिळालं तर साध्या पाण्यानंही काही गायी सुधारतील. यानं लेपाचं महत्त्व कमी होत नाही, उलट तो वेळेत आणि मन लावून लावायला हवा हे ठसतं. मात्र गाय तापली, चारा सोडला, आणि दूध पिवळट पाण्यासारखं झालं तर तो ई. कोलायचा झटका असू शकतो. त्यात गाय दोन दिवसांत दगावू शकते. तेव्हा कोरफड शोधत बसू नये, डॉक्टरांना बोलवावं.

सगळ्यात कमी बोललं जाणारं प्रकरण म्हणजे आटवण. गाभण गाय विण्याच्या साठ दिवस आधी दुधातून काढायची, हा नियम आपल्या माणसांना ऐकून ठाऊक असतो आणि पाळायचा जिवावर येतो, कारण गाय सहा लिटर देत असते आणि ते सहा लिटर आजचे असतात. पण या दोन महिन्यांत कासेतल्या थकलेल्या पेशी मोडून नव्या येतात. हा काळ दिला नाही तर पुढच्या वेताचं दूध वीस-पंचवीस टक्क्यांनी घटतं. सात-आठ लिटरच्या गायीसाठी तो तोटा साठ दिवसांच्या दुधाहून मोठा होतो. आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि विण्याआधीचे शेवटचे दोन धोक्याचे. सडाचं बूच बसायचं किंवा सुटायचं असतं. या दिवसांत धार काढत नाही म्हणून कासेकडे कोणी पाहतही नाही. खुराक तोडून, कोपऱ्यातल्या ओल्या जागेत बांधून ठेवलेली भाकड गाय विते तेव्हा एक सड आधीच गेलेला असतो, आणि खापर फुटतं ते वळूवर. जस्त, सेलेनियम, जीवनसत्त्व ई असलेलं खनिज मिश्रण द्यायचं तर याच वेळी द्यावं. आटवताना प्रत्येक सडात लांब मुदतीचं औषध सोडायची पद्धत आहे. हल्ली युरोपात सरसकट सगळ्या गायींना ते देत नाहीत, सीएमटीसारख्या तपासणीत आजारी ठरलेल्यांनाच देतात. तबकडी फिरवायला इथं दुसरं कारण सापडतं.

आपल्या दूध संघांनी फॅट आणि एसएनएफबरोबर पेशींच्या संख्येवरही दोन पैसे जास्त द्यायला सुरुवात केली, तर हे सगळं गोठ्यात किती झपाट्यानं पोचेल याचा अंदाज बांधता येतो. आज स्वच्छ कासेचा आणि सुप्त दगडीचा लिटर एकाच दरानं जातो. जनावरांच्या बाजारात तसं चालत नाही. तिथं गिऱ्हाईक दाताला हात लावतं, शीर चाचपतं, मग खाली बसून चारही सडांची एकेक धार स्वतः काढून बघतं. एक सड मुका निघाला तर गायीची किंमत जागच्या जागी पडते, आणि त्यावर विकणाराही वाद घालत नाही.